इंजिन बदललं, कागद तोच

जुन्या जीपचं किंवा जिप्सीचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि त्या जागी लहान डिझेल इंजिन बसवायचं, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. कोकणात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, केरळातल्या चहामळ्यांच्या भागात अशा गाड्या दिसतात. हौशी मंडळी त्या ऑफ-रोडिंगसाठी करून घेतात, शेतकरी चिखलातून माल बाहेर काढण्यासाठी, तर काही जण निव्वळ पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून. काम करणारा हात बहुतेक वेळा गल्लीतल्या गॅरेजमधला असतो, आणि त्या गॅरेजच्या पाटीवर बऱ्याचदा आपल्यापैकीच कुणाचं तरी नाव असतं.

या कामाबद्दल दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक कौतुकाचं. ‘काय जुगाड केलाय!’ म्हणत त्याचे व्हिडिओ फिरवले जातात. दुसरं दरडावणीचं. गाडी बेकायदा आहे, जप्त करा, गॅरेजला टाळं लावा. मला दोन्ही अपुरी वाटतात. कौतुक करणारा त्या कामातला धोका पाहत नाही आणि दरडावणारा त्यातलं ज्ञान पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, तपासणी करून, नोंद करून इंजिन बदलायची वाट कायद्याने खुली करावी आणि शिक्षा ठेवावी ती लपवाछपवीला. आज प्रामाणिक वाटच बंद असल्यामुळे सगळा व्यवहार लपूनछपून होतो आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

कंपनीनेही हेच केलं होतं

पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं ही गल्लीतल्या मिस्त्रीच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. आपल्याकडच्या जीपचा इतिहासच मुळी तसा आहे.

१९४५ साली जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. याच काळात मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायचं काम सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही गाडी पेट्रोलची होती. तिचं चार सिलिंडरचं २.२ लिटरचं इंजिन दणकट होतं, पण इंधन पिण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

भारतासारख्या देशात ते परवडणारं नव्हतं. १९७०च्या दशकात कंपनीने याच जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. जुने ड्रायव्हर त्याला अजून ‘इंटरनॅशनल’ म्हणतात, कारण ट्रॅक्टरसाठीचा करार इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी झाला होता. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं, त्यानंतर कंपनीचं स्वतःचं ‘डीआय’. गाडीचा साचा बराचसा तोच राहिला आणि इंजिनं बदलत गेली. पश्चिम महाराष्ट्रात ज्या जीपांनी वडाप केलं, गावोगावची माणसं तालुक्याला नेली आणि आणली, त्या याच डिझेल जीपा.

स्पेनमध्येही असंच झालं. तिथल्या सांताना कंपनीने सुझुकीच्या छोट्या फोर बाय फोर गाड्यांमध्ये प्यूजोचं आणि नंतर रेनोचं डिझेल इंजिन बसवून त्या युरोपात विकल्या. आपल्याकडची मारुती जिप्सी ही त्याच सुझुकी घराण्यातली. तिला मात्र कंपनीने अखेरपर्यंत डिझेल इंजिन दिलं नाही.

म्हणजे कल्पना चुकीची नाही. कंपनीकडे आराखडे असतात, चाचणीचे ट्रॅक असतात आणि शेवटी सरकारची मान्यता असते. गल्लीतल्या मिस्त्रीकडे लेथ, वेल्डिंग मशीन आणि वीस-पंचवीस वर्षांचा हात असतो. फरक या तीन गोष्टींचा आहे. त्यापैकी शेवटची, मान्यता, त्याने कितीही उत्तम काम केलं तरी त्याला मिळूच शकत नाही.

लोक हे करतात कशासाठी?

जिप्सीचंच उदाहरण घेऊ. १९८५ मध्ये ती आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. पुढे १.३ लिटरचं आलं आणि २००० च्या सुमारास त्याचीच इंजेक्शनवाली, ८० अश्वशक्तीची आवृत्ती. गाडीचं वजन जेमतेम एक टन. चासी मजबूत, पुढे-मागे पाट्यांचं सस्पेन्शन, दोन्ही अॅक्सल सरळ आणि अखंड. लष्कराने, पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना वाघ दाखवला तो याच गाडीने. २०१८-१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. आज बाजारात ज्या जिप्सी मिळतात, त्यातल्या अनेक लष्कराच्या लिलावातून आलेल्या आहेत.

या गाडीचं दुखणं एकच. तिच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे १०३ न्यूटन मीटर, आणि तोही इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर गेल्यावर. चढावर, वाळूत किंवा नदीच्या गोट्यांमध्ये गाडीला वेग नको असतो, तर कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ हवी असते. पेट्रोल इंजिन तिथे रेस करावं लागतं, क्लच जळतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात.

दुसरीकडे भंगार बाजारात एक लहान डिझेल इंजिन मुबलक पडलेलं आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांमध्ये ते होतं. वाहन-पत्रकार त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. १,२४८ सीसीचं हे इंजिन ७५ अश्वशक्तीच्या रूपात १९० न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि तोही केवळ २,००० फेऱ्यांवर. म्हणजे निम्म्याहून कमी फेऱ्यांत जवळपास दुप्पट ओढ. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आलं तेव्हा हे इंजिन बंद झालं, पण अपघातात मोडलेल्या गाड्यांमधून ते मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, चेन्नईत पुदुपेटला सहज मिळतं.

इंधनाच्या भावाचं कारण पूर्वीइतकं जोरदार राहिलेलं नाही. सरकारने पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त केले, तेव्हापासून दोहोंमधली दरी कमी झाली. तरीही एका लिटरमध्ये डिझेल जास्त अंतर जातं. महिन्यातून चार वेळा डोंगरात जाणाऱ्या हौशी माणसाला ते महत्त्वाचं नसेल, रोज रानात जाणाऱ्या शेतकऱ्याला आहे.

काम वाटतं तितकं सोपं नाही

एक इंजिन काढून दुसरं बसवलं, असं म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात जुळवाजुळव दिवसेंदिवस चालते, आणि त्यात जिथे घाई होते तिथेच पुढे अपघात होतो. ज्यांना हे ‘जुगाड’ वाटतं त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं.

मल्टिजेट मूळ गाड्यांमध्ये आडवं बसतं, जिप्सीत इंजिन लांबीच्या दिशेने उभं बसतं. त्याची मागची बाजू जिप्सीच्या गिअरबॉक्सला जुळत नाही, बोल्टची भोकंच वेगळी. त्यासाठी मध्ये जाड धातूची अडॅप्टर प्लेट बनवावी लागते. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत यावे लागतात. केसभर फरक राहिला तरी सुरुवातीला कळत नाही. काही महिन्यांनी गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागतो, बेअरिंग जातं, क्लच नीट सुटत नाही. चांगला मिस्त्री इथे डोळ्यांवर विसंबत नाही, डायल गेज लावतो.

पुढचा प्रश्न चेंबरचा. फोर बाय फोर गाडीत पुढचा अॅक्सल इंजिनाच्या खालून जातो. खड्ड्यात पाटे दबले की अॅक्सल वर उचलला जातो आणि तेलाच्या चेंबरला धडकतो. म्हणून चेंबर कापून नव्या आकाराचा बनवतात. पण आकार बदलला की आतली तेल खेचणारी नळीही हलवावी लागते. ती चुकीच्या जागी राहिली आणि गाडी तीव्र चढावर उभी राहिली, तर तेल एका कोपऱ्यात जातं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन तेलाविना फिरत राहतं. सपाट रस्त्यावर महिनाभर व्यवस्थित चाललेली गाडी पहिल्याच मोठ्या चढावर बसते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

तिसरा मुद्दा ब्रेकचा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनात हवा थ्रॉटलच्या झडपेतून आत येते. झडप अर्धवट बंद असताना आत व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनात हवा मोकळी आत जाते, त्यामुळे तिथे असा व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. मल्टिजेटमध्ये तो असतो, पण त्याची नळी बूस्टरपर्यंत नीट न्यावी लागते. जुनी, पंप नसलेली किंवा खराब पंपाची डिझेल इंजिनं बसवली जातात तेव्हा हे राहून गेलं, तर उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. पाय पूर्ण जोराने दाबला तरी गाडी वेळेत थांबत नाही.

याशिवाय गोष्टी बऱ्याच आहेत. वाढलेला टॉर्क शेवटी त्याच जुन्या प्रोपेलर शाफ्टवर, त्याच जॉइंटवर आणि अॅक्सलवर येतो. ते सगळं निम्म्या ताकदीच्या हिशेबाने बनवलेलं असतं. डिझेल इंजिनाच्या फेऱ्या कमी असल्याने मूळचे गिअर ठेवले तर गाडीचा कमाल वेग घटतो. रेडिएटर मोठा लागतो, इंटरकूलरला जागा शोधावी लागते. जास्तीचं डिझेल टाकीत परत नेणारी नळी टाकावी लागते. किल्लीतल्या चिपपासून ईसीयूपर्यंतची वायरिंग मूळ गाडीतून उचलून आणावी लागते, ती नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. ऑफ-रोडिंगवाल्यांचा एक आवडता समज असा की, डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून ते पाण्यात चालतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबाबत हे काही अंशी खरं होतं. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि आजच्या इंजिनाचा ईसीयू तर पाण्याला त्याहून हळवा.

हे सगळं ज्याला जमतं तो माणूस जुगाडू नाही, कारागीर आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या मिस्त्रींपैकी अनेकांनी तो केलेला नाही. दहा-बारा वर्षांचे असताना ते उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला लागले. ते वय शाळेत असायचं होतं, याबद्दल दुमत नाही. पण जे ज्ञान त्यांनी मिळवलं, ते खोटं ठरत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ स्पष्ट आहे. निर्मात्याने दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनाचा प्रकार हा त्या तपशिलातला एक. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात नवं कलम १८२-अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी माझ्या शेतातच फिरते, रस्त्यावर येत नाही, ही सबबही फारशी टिकत नाही. नोंदणीबाबतच्या कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द आहेत.

याच कलम ५२ मध्ये दोन अपवाद आहेत, ते वाचण्यासारखे आहेत. पहिला, सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनासाठी ठरवून दिलेलं किट लावता येतं. दुसरा, किमान दहा परिवहन वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार अशी मुभा देऊ शकतं की, त्याने आरटीओची मंजुरी न घेता त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदलावं. म्हणजे मोठ्या मालकावर विश्वास ठेवायची सोय कायद्यात आहे. एकच जुनी जीप असलेल्या माणसासाठी, तो सगळं उघडपणे तपासून घ्यायला तयार असला तरी, वेगळं इंजिन बसवण्याचं दार नाही.

लपवण्याची किंमत

दार नसलं की माणसं थांबत नाहीत, मागच्या वाटेने जातात. मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, इंजिन बसवून देतो, कागदाचं तुमचं तुम्ही बघा.’ मालक म्हणतो, ‘चाचा, पासिंगच्या वेळी बघू.’ इथून पुढे एक खोटं दुसऱ्या खोट्याला जन्म देतं.

सुरुवात पीयूसीपासून होते. पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या तपासणीत धुराची घनता. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असलेल्या गाडीची खरी तपासणी होऊच शकत नाही. जे प्रमाणपत्र मिळतं ते न तपासता मिळतं.

मग विमा. अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते, आणि तिला दोष देता येत नाही. विमा पेट्रोलच्या गाडीचा होता. तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल, तर न्यायालय कधी विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगतं. पण त्यासाठी जखमी माणसाला किंवा त्याच्या विधवेला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पुढे पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी. एप्रिल २०२२ पासून खासगी चारचाकीसाठी तिचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. पण अडचण पैशांची नाही, अडचण इंजिन नंबरची. तपासणीत नंबर जुळत नाही. इथेच काही लोक सर्वात वाईट काम करतात, नव्या इंजिनावरचा नंबर घासून जुना नंबर ठोकतात. या कामाला कोणतंही समर्थन नाही. ही सरळ बनावटगिरी आहे. चोरीच्या गाड्या पचवायलाही हीच पद्धत वापरतात, त्यामुळे असं इंजिन सापडलं की पोलीस चोरीच्याच अंगाने तपास करणार.

आणि चौकशीला सर्वात आधी बोलावला जातो तो मिस्त्री. मालक ‘मला काय माहीत, मी गाडी दुरुस्तीला दिली होती’ म्हणून मोकळा होतो. मिस्त्रीकडे ना पावती, ना करारपत्र, ना इंजिन कुठून आणलं याचा कागद. त्याचं नाव काय आहे, यावर बातमीचा मथळाही ठरतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, आणि वाहनदुरुस्ती हे त्यांचं प्रमाण ठळक असलेल्या क्षेत्रांपैकी एक होतं. त्यामुळे हा केवळ गाडीच्या हौसेचा प्रश्न उरत नाही. ज्या कामावर हजारो घरांची चूल पेटते, त्या कामाचा एक भाग कायमचा अंधारात ठेवला, तर त्या अंधाराचे डाग त्या घरांवर पडतात.

शेवटी राहतो तो दुसरा ग्राहक. त्याला ‘जिप्सी डिझेल, कंडिशन टॉप’ एवढंच सांगितलं जातं. ब्रेकच्या पंपाचं काय केलं, चेंबर कुणी कापला, अॅक्सल तोच आहे का, हे त्याला कुणी सांगत नाही. मालातला ऐब सांगूनच माल विकावा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली असते. गाडीच्या बाबतीत ती विसरली, तर एखाद्याचा जीव जातो.

इतर देशांनी वाट काढली आहे

इंजिन बदलायला परवानगी दिली तर रस्त्यावर अनागोंदी माजेल, असं म्हणणाऱ्यांनी बाहेर पाहावं. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की वाहन नोंदणी कार्यालयाला पुराव्यासह कळवावं लागतं आणि कागदावर नोंद बदलते. गाडीत फारच मोठे बदल झाले असतील तर गुणांचा हिशेब होत असे. मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि मूळ इंजिनाला फक्त १. किमान ८ गुण भरले तर जुनी नोंदणी कायम राहत असे. म्हणजे गाडीची ओळख इंजिनात नसून चासीत आहे, असं तो नियम मानत असे. जर्मनीत तांत्रिक तपासनीस गाडी पाहतो, समाधान झालं की बदल कागदावर चढतो. कॅलिफोर्निया प्रदूषणाबाबत अतिशय कडक, पण तिथेही इंजिन बदलता येतं. अट अशी की, नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी उपकरणं जागेवर असावीत आणि सरकारने नेमलेल्या पंचाने ते तपासावं.

फार लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे सीएनजी किटचं हेच झालं आहे. किटला चाचणी संस्थेची मान्यता, बसवणारं केंद्र अधिकृत, आरसीवर नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी. दाबाखालच्या वायूची टाकी डिकीत ठेवण्याइतकं जोखमीचं काम आपण नियमात बसवू शकलो. मग इंजिनाचं का नाही?

प्रदूषणाचा आक्षेप

या मागणीवर सर्वात वजनदार आक्षेप प्रदूषणाचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड फुप्फुसांना घातक आहेत. पेट्रोल गाडीत वीस वर्षांपूर्वीचं, पंप झिजलेलं डिझेल इंजिन बसवून ती शहरात फिरवणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. गॅरेजच्या गल्लीतली मुलं तर दिवसभर तोच धूर घेतात.

म्हणून माझी मागणी मोकाट सुटीची नाही. बसवायचं इंजिन गाडीच्या मूळ प्रदूषण मानकापेक्षा जुन्या मानकाचं नसावं. बीएस-तीनच्या गाडीत बीएस-चारचं इंजिन चालेल, उलटं नाही. ईजीआर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांसारखी उपकरणं काढून टाकणाऱ्याला नोंद मिळू नये. हवा आधीच बिघडलेल्या शहरांत डिझेलला परवानगीच नाकारायची असेल तर तीही नाकारावी. पण डोंगरातल्या शेतकऱ्याला आणि महानगरातल्या हौशी माणसाला एकाच काठीने हाकू नये. दुसरा विचारही करायला हवा. एक टन लोखंडाची धडधाकट गाडी केवळ इंजिन थकलं म्हणून भंगारात काढणं आणि नवी बनवणं, यालाही पोलाद, वीज आणि धूर लागतोच.

काय करता येईल?

सरकारच्या बाजूने तीन गोष्टी पुरेशा आहेत. प्रत्येक जिल्ह्यात शक्य नसेल तर निदान विभागवार एक केंद्र, जिथे बदललेली गाडी ब्रेक, अॅक्सल, इंधन नळ्या आणि धूर या बाबतीत तपासली जाईल. पुण्यात एआरएआयसारखी संस्था असताना तपासणीचे निकष ठरवणं अवघड नाही. दुसरं, इंजिनाचा उगम सिद्ध करणारा कागद. नोंदणीकृत भंगार केंद्रातून निघालेल्या इंजिनाला स्वतंत्र दाखला दिला, तर चोरीच्या मालाला आपोआप आळा बसेल. तिसरं, काम करणाऱ्याची सही. कौशल्य विकास योजनेत आधीच आत्मसात केलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून इंजिन बदलणाऱ्या मिस्त्रींना परीक्षा घेऊन परवाना द्यावा. सही करायचा अधिकार मिळाला की जबाबदारीही येते.

कायदा बदलेपर्यंत मात्र जो आहे तो पाळायचा आहे, हे आपल्या मिस्त्री बांधवांना स्पष्ट सांगायला हवं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची मंजुरी आणि नोंद मालकाकडून आधी मागा. इंजिन विकत घेताना पावती आणि मूळ गाडीच्या कागदाची प्रत घ्या, ती गॅरेजमध्ये जपून ठेवा. नंबर ठोकायला आलेल्याला दारातूनच परत पाठवा, तो कितीही जुना गिऱ्हाईक असला तरी. पेट्रोलच्या गाडीत डिझेल बसवून मागणाऱ्याला कलम ५२ सांगा आणि काम नाकारा. त्या दिवसाची कमाई बुडेल, पण पोलीस चौकीच्या बाकावर घालवलेला एक दिवस त्याहून महाग पडतो.

आणि आपल्या संस्थांनीही थोडं लक्ष द्यावं. दरवर्षी गुणवंतांचे सत्कार होतात, डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या मुलांना शाली मिळतात. ते व्हायलाच हवं. पण डायल गेज लावून क्रँकची रेषा जुळवणारा मुलगाही इंजिनिअरिंगच करत असतो. त्याला संध्याकाळच्या वर्गाला बसवणं, परीक्षेचा अर्ज भरून देणं, पावतीपुस्तक छापून देणं, एवढं मोहल्ल्यातली कुठलीही संस्था करू शकते. कायदा बदलायला वेळ लागेल. तो बदलेल त्या दिवशी सही करायला आपली माणसं तयार असली पाहिजेत.